आधी वाट बुडते, मग उंबरा



पावसाळ्याच्या तोंडावर निघणाऱ्या अंकात आडसाली लागणीची पूर्वतयारी, बेणेप्रक्रिया आणि हुमणीचा बंदोबस्त यांवर चार शब्द लिहिण्याचा आमच्या शेतकी खात्याचा परिपाठ आहे. ती माहिती या अंकात दुसरीकडे आहेच. मी या वेळी नदीकाठच्या गटांतील सभासदांच्या घरादाराविषयी लिहीत आहे. ऊस पाण्यात गेला की गट ऑफिसचा फोन दिवसभर वाजतो, आणि तो वाजायलाच पाहिजे. पण घर, गोठा आणि घरातली माणसं यांची तयारी मृगाआधी किती घरांत झालेली असते? शिवारात फिरताना जे दिसते त्यावरून सांगतो, फार थोड्या.

आपल्या दोन्ही जिल्ह्यांना संकटे नवी नाहीत. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला. पावणेदोनशेच्या वर माणसे गेली. झोपेतल्या माणसाला उठून दाराबाहेर यायलाही सवड मिळाली नाही. भूकंप सांगून येत नाही. कृष्णेचा आणि वारणेचा पूर मात्र वर्दी देऊन येतो. वर सह्याद्रीत पाऊस पडतो, धरणांत साठतो, दरवाजे उघडतात, आणि ते पाणी कऱ्हाडवरून खाली सांगलीपर्यंत यायला साधारण दिवसाच्या आसपास वेळ घेते. असे असूनही २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही पुरांत हजारो कुटुंबे पाण्यात अडकली. वर्दी मिळूनही माणूस का अडकतो, हे आधी पाहिले पाहिजे.

एक कारण जुनी रेघ. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट धरलेली आहे. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या वर गेले. त्या पुराची खूण कितीतरी गावांत लोकांनी घराच्या, देवळाच्या, शाळेच्या भिंतीवर ऑइलपेंटने मारून ठेवली. चांगलेच केले. पण पुढची चौदा वर्षे ती रेघ म्हणजे जणू नदीने लिहून दिलेला करार, असे आपण धरून चाललो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी चढू लागले तेव्हा गावोगाव एकच बोलणे ऐकू येत होते, "पाच साली आमच्या दारात आलं न्हवतं, आता काय येतंय!" आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेले. पाच साली पायरीला लागलेले पाणी १९ साली कपाटाच्या वरच्या फळीला लागले. मागच्या पुराची रेघ मागचा पूर कुठवर आला होता एवढेच सांगते. पुढचा कुठे थांबेल हे तिला ठाऊक नाही.

दुसरे कारण मला त्याहून मोठे वाटते. आपण सगळे उंबऱ्याकडे बघत बसतो, आणि तोवर वाट बुडालेली असते.

गावाचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. आपल्याकडची बरीच गावे नदीच्या धडीवर, थोड्या उंचवट्यावर वसलेली आहेत. जुन्या माणसांनी जागा विचार करूनच धरली होती. पण गावातून बाहेर जाणारा रस्ता सखल भागातून जातो, आणि त्यावर एखादा तरी ओढा आडवा असतो. नदी भरली की ओढ्याचे पाणी नदीत जात नाही. उलट नदीचेच पाणी ओढ्यातून मागे चढते. त्याला आपण फुगवटा म्हणतो. त्यामुळे ओढ्यावरची फरशी पहिल्यांदा पाण्याखाली जाते, नंतर रस्ता, मग गावाभोवतीचा ऊस, आणि सगळ्यात शेवटी घर. म्हणजे अंगणात पाय कोरडे असतानाच गावाचे बेट झालेले असते. त्या घडीला चुलीवर चहा उकळत असतो आणि आबा म्हणत असतात, "अजून लई टाईम हाय."

म्हणून पहिले काम हे. आपल्या घराची पातळी नव्हे, आपल्या वाटेची पातळी शोधून काढा. पूरकाळात दोन्ही जिल्ह्यांचे प्रशासन आणि पाटबंधारे खाते कऱ्हाडचा कृष्णा पूल, बहे पूल, ताकारी पूल, भिलवडी पूल, आयर्विन पूल अशा ठिकाणांची पाणीपातळी दिवसातून अनेकदा जाहीर करते. आपल्या गावाला यांतले जवळचे ठिकाण कोणते, आणि तिथे किती फूट पाणी असले की आपली फरशी बुडते, हा आकडा गावात कुणाला ना कुणाला माहीत असतोच. दूध संकलन करणारा, एस.टी.चा मुक्कामी ड्रायव्हर, ग्रामपंचायतीचा शिपाई, यांना विचारा. तो आकडा घरात कॅलेंडरशेजारी ठळक लिहून ठेवा. त्याच्या चार-पाच फूट खाली पाणी असेल आणि ते चढते असेल, तर ती आपली निघायची वेळ. हा आकडा प्रत्येक गावाचा वेगळा. जुनेखेड-नवेखेडचा भिलवडीला चालणार नाही आणि भिलवडीचा हरिपूरला चालणार नाही. हरिपूरला तर वारणा येऊन मिळते, तिथला हिशेब दोन नद्यांचा.

आता रेडिओवर आणि मोबाइलवर जे आकडे येतात ते कसे वाचायचे तेही सांगतो, कारण त्यात बराच गोंधळ होतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर पाणी. दहा हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला दहा हजार लिटरचे अठ्ठावीस टँकर नदीत ओतल्यासारखे. साडेअकरा हजार क्युसेकने चोवीस तास पाणी सुटले तर साधारण एक टी.एम.सी. होते. कोयनेची साठवण १०५.२५ टी.एम.सी. आहे. कोयनेच्या पायथा वीजगृहातून २१०० क्युसेक सोडले, ही बातमी आली तर कुणी गाठोडे बांधायला घेऊ नये. तेवढे नदीच्या पोटात सहज मावते. पण सहा वक्र दरवाजे उघडले, विसर्ग दर काही तासांनी वाढवत आहेत, आणि आपल्याकडेही पाऊस उघडीप देत नाही, असे तिन्ही मिळून घडत असेल तर उद्याचा दिवस आजच्यासारखा नसणार हे ओळखावे. एक लाख क्युसेक चोवीस तास चालले तर साडेआठ टी.एम.सी.हून अधिक पाणी खाली येते. आणि कोयनेचा आकडा हा काही सगळा आकडा नव्हे. धोम, कण्हेर, उरमोडी, तारळी आणि चांदोली येथून येणारे, शिवाय धरणांच्या खाली उघड्या रानावर पडलेले पाणी त्यात मिळते. या शेवटच्या पाण्याला ना दरवाजा, ना कुलूप. (अलमट्टीचा वाद चालतो तो चालू द्यावा. तो वरच्या पातळीवर सुटायचा तेव्हा सुटेल. आपली म्हैस मात्र आपल्यालाच सोडायची आहे.)

म्हशीचा विषय निघालाच आहे तर तो पुरता बोलू. पुरात जी माणसे मागे राहिली त्यांतली कितीतरी जनावरांपायी राहिली. बायका-पोरे पाहुण्यांकडे धाडली आणि घरधनी गोठ्यात थांबला. त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. दुभती म्हैस म्हणजे ज्या घरी महिन्याचा खर्च दुधावर चालतो तिथे घरातले माणूसच. म्हणून क्रम उलटा करावा. जनावर पहिल्यांदा हलवावे, म्हणजे माणूस मोकळा होतो. इशारा पातळीकडे पाणी सरकू लागले की दावणी रिकाम्या करायला लागायचे, धोक्याच्या पातळीची वाट बघायची नाही. कुठे न्यायची ते मे महिन्यातच ठरलेले असावे. माळावरच्या भावकीचा गोठा, सोयऱ्याचे शेड, जे असेल ते. "बघू, येळ आली की ठरवू" याला तयारी म्हणत नाहीत. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाआधी टोचून घ्या, कारण चार गावची जनावरे एका जागी आली की रोगाला रान मोकळे मिळते. कानातल्या बिल्ल्याचा नंबर दिसेल असा प्रत्येक जनावराचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. पंचनाम्याच्या वेळी तोंडी सांगण्यापेक्षा फोटोचा उपयोग होतो. आणि कितीही घाई झाली, जनावर नेता येत नाही अशी वेळ आलीच, तरी दावे कापून जा. मोकळे जनावर पोहून उंचवटा गाठू शकते. बांधलेले जागच्या जागी बुडते.

माणसांच्या बाबतीत एक गोष्ट आधी ठरवा. घरात निघायचा शब्द कुणाचा? पाच माणसे पाच मते सांगत बसली की फरशी बुडतेच. ज्याचा किंवा जिचा शब्द ठरला तो मग आबांनीही मानायचा. माझ्या पाहण्यात तरी हे काम घरातल्या कारभारणीकडे दिलेले बरे. आजारी माणसाची औषधे, पोराचे दूध, दागिन्यांचा डबा कुठे आहे हे तिला ठाऊक असते, आणि पाण्याशी पैज लावण्याची हौस तिला नसते. आठवा-नववा महिना लागलेली सून किंवा लेक, डायलिसिसला जाणारा, अर्धांगाने अंथरुणाला खिळलेला, यांना पातळीची वाटच बघायला लावू नये. संततधार लागली की त्यांना तालुक्याच्या गावी हलवावे.

बरोबर न्यायची पिशवी पावसाळाभर खुंटीला भरून टांगलेली असावी. त्यात आधार कार्ड, बँकेची पासबुके, कारखान्याचे शेअर सर्टिफिकेट, जमिनीचे खरेदीखत, मुलांचे शाळेचे दाखले. हे सगळे दोन प्लास्टिक पिशव्यांत, तोंड घट्ट बांधून. सातबारा ऑनलाइन पुन्हा निघतो, त्याची फार काळजी नको. जुने खरेदीखत भिजले तर मात्र हेलपाटे फार. महिनाभराच्या गोळ्या, बॅटरी, काडेपेटी, भडंग-चिवडा-गूळ असे न शिजवता खाता येणारे, प्यायच्या पाण्याचा कॅन. २०१९ ला दिवसेंदिवस वीज नव्हती आणि मोबाइल मुके झाले होते. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर मोबाइल चार्ज करायची वायर दीड-दोनशे रुपयांत मिळते, ती घेऊन ठेवा. महत्त्वाचे नंबर कागदावर लिहा, कारण मोबाइल बंद पडला की आपल्या सख्ख्या भावाचा नंबरही आठवत नाही. जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, ॲम्ब्युलन्स १०८, पोलीस ११२.

घर सोडताना मेन स्विच बंद. नदीवरच्या मोटारीचे पाणी चढायच्या आतच बघावे. पाण्यात उभे राहून स्टार्टरच्या पेटीला हात लावणे हा सरळ मृत्यूशी खेळ आहे. मोटार परत घेता येते. गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपण लावा आणि सिलिंडर खांबाला बांधा. भरलेला सिलिंडरही पाण्यावर तरंगतो, आणि तरंगत कुठे जाऊन आपटेल याचा नेम नाही.

एका गोष्टीकडे माझ्या खात्याचा माणूस म्हणून मुद्दाम लक्ष वेधतो. तणनाशकाचे आणि कीटकनाशकाचे डबे आपण पलंगाखाली, जिन्याखाली, कधी तर धान्याच्या कणगीशेजारी ठेवतो. हे एरवीही वाईटच, पोराबाळांच्या घरात तर फारच. पुरात डबा उलटला की ते विष धान्यात आणि हौदात उतरते. कुलपाच्या पेटीत, छताजवळच्या फळीवर ठेवावे. युरियाची पोतीही तशीच. युरिया विरघळलेले पाणी जनावर गोड पाणी समजून पिते आणि काही तासांत पोट फुगून, थरथर कापत मरते. गोठ्यात युरिया ठेवू नये, तो पुराच्या दिवसांत तर नकोच.

वेळ निघून गेली आणि अडकलोच, तर? मग वर चढावे, स्लॅबवर थांबावे, फोन करावा आणि सरकारी बोट येईपर्यंत वाट बघावी. गुडघाभर वाहते पाणी धडधाकट माणसाला पाडते. दीड-दोन फूट पाणी मोटारगाडी उचलते. ट्रॅक्टर जड आहे म्हणून फरशीवर घालू नये, फरशीची कड पाण्याखाली दिसत नाही. गुऱ्हाळाची काहील पाण्यावर चांगली तरंगते आणि आपल्याकडे तिच्यातून माणसे नेलीही आहेत, पण धारेला लागली की ती गरगर फिरते आणि वल्ह्याला जुमानत नाही.

पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळची घटना आपल्यातील कुणीही विसरलेले नाही. ८ ऑगस्ट २०१९. येरळा आणि कृष्णा यांच्या संगमावरचे गाव पाण्याने वेढलेले. बाहेर पडण्यासाठी माणसे बोटीत बसली. बोट लहान, माणसे जास्त, लाइफ जॅकेट नाहीत. बोट उलटली आणि डझनाहून अधिक माणसे गेली. त्यांत बायका आणि लहान मुले होती. ती माणसे बेफिकीर होती असे म्हणण्याचा कुणाला अधिकार नाही. चहूकडून पाणी चढत असताना समोर आलेली बोट कोण सोडील? म्हणूनच तो निर्णय बोटीच्या काठावर घ्यायची वेळ येऊ नये. तो आदल्या दिवशी, कोरड्या फरशीवर घ्यायचा असतो. तरीही बोटीत बसावे लागलेच तर जॅकेट असल्याशिवाय नाही, उभे राहायचे नाही, सगळे एका बाजूला झुकायचे नाही, आणि बोट भरली असेल तर दुसऱ्या फेरीची वाट बघायची.

पाटणच्या डोंगरकपारीतल्या सभासदांसाठी दोन ओळी वेगळ्या लिहितो, कारण त्यांचा धोका नदीचा नाही. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरड घरांवर आली. तिथे निघायची खूण पुलावर नसते. घरामागच्या उतारावर नवी भेग पडणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे किंवा आटणे, झाडे-खांब कलणे, दारे-खिडक्या चौकटीत अडकू लागणे, यांतले एकही दिसले तर रात्र त्या घरात काढू नये. सकाळी बघू म्हणायचे नाही.

पूर ओसरल्यावर घरी परतण्याची प्रत्येकाला ओढ असते. इथेही थोडे थांबावे. पांढऱ्या मातीच्या भिंती पाण्यात उभ्या राहतात आणि पाणी उतरल्यावर, ऊन पडल्यावर कोसळतात. पहिल्या दिवशी अशा घरात मुलांना नेऊ नका. साफसफाईआधी सगळ्या खोल्यांचे फोटो काढा आणि तलाठ्यांना (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचे) कळवा. वायरमनने तपासल्याशिवाय बोर्डाला हात लावायचा नाही, वीज आली तरी.

साप या काळात घरात असतोच असे धरून चाला. त्याचेही बीळ बुडालेले असते. कडब्याची गंज, गॅसच्या ओट्याखालचा कप्पा, गुंडाळलेली सतरंजी काठीने हलवूनच हात घाला. रात्री उघड्या जमिनीवर झोपू नका. मण्यार चावलेली कळतही नाही, दुखत नाही, सूज नाही, पहाटे पापण्या मिटू लागतात आणि बोलणे जड होते. साप चावला तर चिरा द्यायचा नाही, रक्त चोखायचे नाही, दोरी आवळायची नाही. तो हात किंवा पाय हलू न देता, माणसाला चालू न देता, प्रतिसर्पविष असलेल्या दवाखान्यात सरळ न्यायचे. देवळात नेऊन घालवलेला तास परत मिळत नाही.

विहीर उपसायची घाई असते, पण गाळाच्या विहिरीत, गोबरगॅसच्या खड्ड्यात किंवा बंद टाकीत एकट्याने उतरू नका. आत हवा नसते. हरिपूरला हळदीची पेवे होती तेव्हाची रीत ठाऊक असेल. पेव उघडले की बराच वेळ कुणी आत उतरत नसे. एकजण आत पडला म्हणून दुसरा उडी घेतो आणि दोघे जातात. आधी कमरेला दोर, वर तीन माणसे. पिण्याचे पाणी उकळून किंवा मेडिक्लोर टाकून. विहिरीत टी.सी.एल. किती टाकायचे ते आरोग्यसेवकाला विचारून, अंदाजाने नाही. पुराच्या पाण्यातून चालल्यावर ताप आला, अंग मोडून आले, पोटऱ्या दुखू लागल्या तर गोळी घेऊन अंगावर काढू नका. लेप्टोचा ताप असू शकतो.

शेवटी कामाचे. ज्या सभासदांचे शेड, मोकळा गोठा किंवा गुऱ्हाळघर पूररेषेच्या वर आहे आणि चार-सहा जनावरे ठेवून घ्यायची तयारी आहे, त्यांनी नाव, गाव आणि जागा आपल्या गट ऑफिसला चिटबॉयमार्फत कळवावी. ज्यांचा ट्रॅक्टर-ट्रेलर जनावरे-माणसे हलवायला मिळू शकतो, त्यांनीही. नदीकाठच्या सभासदांनी आपल्या फरशीचा आकडा आणि जनावरांची संख्या द्यावी, म्हणजे कुणाची जनावरे कुणाकडे याची जोडणी पाऊस लागण्याआधी करून ठेवता येईल. याद्या १५ जूनपर्यंत प्रत्येक गट ऑफिसच्या फलकावर लावल्या जातील.